भरदुपारी ओळखीच्या रस्त्यावर धावताना : डेक्कन ते नळ स्टॉप आणि परत

एरंडवणेकर
१६ डिसेंबर, रात्री ९.४०

नमस्कार.

गेली नऊ वर्षे मी पुण्यात एकाच रस्त्याने धावते. डेक्कन जिमखान्यापासून निघायचे, गुडलक चौकातून भांडारकर रस्त्याला लागायचे, भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या बाजूला लॉ कॉलेज रस्त्यावर डावीकडे वळायचे, नळ स्टॉपपर्यंत जायचे आणि कर्वे रस्त्याने परत यायचे, असा हा फेरा आहे. घड्याळ त्याचे अंतर पाच किलोमीटरच्या आसपास दाखवते. पहाटे सहाला निघून मी चौतीस-पस्तीस मिनिटांत घरी परतत असे. पदपथाची कोणती फरशी निखळली आहे, कोणत्या फाटकातला कुत्रा अंगावर येतो आणि कोणता नुसताच भुंकतो, हे मला डोळे मिटून सांगता आले असते.

ऑक्टोबरात माझ्या वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. आता सकाळ त्यांची अंघोळ, औषधे आणि व्यायाम यांत जाते, संध्याकाळी माझे कामाचे फोन असतात आणि रात्री त्यांना एकटे ठेवता येत नाही. मदतीला येणाऱ्या मावशींना दुपारी बारा ते दोन एवढाच वेळ देता येतो. त्या दोन तासांतला एक तास मला धावण्यासाठी हवा आहे. नोव्हेंबरात महिनाभर धावणे पूर्ण बंद होते. तेव्हा माझी चिडचिड किती वाढली आणि तिचा त्रास वडिलांनाच कसा झाला, हे मी पाहिले आहे. म्हणून ‘काही दिवस धावू नका’ असा सल्ला कृपया देऊ नये, ही विनंती.

मागच्या सोमवारपासून मी सव्वाबाराला निघू लागले. रस्ता तोच, बूट तेच, आणि मी वेगही पहाटेचाच धरला. चूक तिथेच झाली. पहाटे याच वेगाला माझे हृदयाचे ठोके मिनिटाला १४८च्या आसपास असतात, ते भांडारकर रस्ता संपायच्या आतच १६८वर गेले. तिसऱ्या दिवशी नळ स्टॉपच्या सिग्नलपाशी बराच वेळ उन्हात उभे राहावे लागले आणि घेरी आली. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. शेजारच्या इमारतीच्या रखवालदारांनी पाण्याची बाटली आणून दिली, तेव्हा डोळ्यांसमोरची अंधारी गेली. घरी येऊन फोन पाहिला, तर पुण्याचे तापमान २८ अंश होते. चाळिशीच्या उन्हाळ्यात असे झाले असते तर मला कळले असते; डिसेंबरात, २८ अंशांत असे का व्हावे, हे मला समजत नाही.

जे लोक नाइलाजाने किंवा आवडीने भरदुपारी धावतात त्यांनी वेग, पाणी, रस्त्याची बाजू आणि उन्हाळ्यात केव्हा थांबावे याविषयी आपला अनुभव सांगावा.


मध्यान्ह
१६ डिसेंबर, रात्री ११.१५

आपल्या प्रश्नातला सूर्याचा भाग माझ्या आवडीचा आहे, म्हणून त्यापुरते लिहितो.

फोनवर दिसलेले २८ अंश हे सावलीतले तापमान असते. वेधशाळेतला तापमापक लाकडी झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटर उंचीवर ठेवलेला असतो, आणि त्याला ऊन लागू नये व खालच्या जमिनीची धग बसू नये याची मुद्दाम काळजी घेतलेली असते. आपण मात्र उन्हात, तापलेल्या डांबरावर, दोन्ही बाजूंच्या भिंतींची धग घेत धावता. सिमला ऑफिसातला, म्हणजे पुण्याच्या हवामान खात्याचा आकडा खराच असतो. तो आपल्या पायाखालच्या रस्त्याचा आकडा नसतो, इतकेच.

दुसरे म्हणजे वेळ. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आहे आणि पुणे सुमारे ७३.८६ अंशांवर आहे. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने पुण्याचे खरे माध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर सरासरी पस्तीस मिनिटांनी होते. वर्षभरात ही वेळ मागेपुढे सरकते : नोव्हेंबरच्या आरंभी साधारण १२.१८, २१ डिसेंबरला १२.३३, फेब्रुवारीच्या मध्यावर १२.४९. म्हणजे आपण सव्वाबाराला निघता तेव्हा सूर्य माथ्यावर यायचा असतो आणि आपला फेरा नेमका त्याच्या दोन्ही बाजूंना पसरतो.

आता सावली. २१ डिसेंबरला पुण्यात माध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे ४८ अंशांवर असतो, त्यामुळे कोणत्याही वस्तूची सावली तिच्या उंचीच्या नऊदशांश लांबीची आणि थेट उत्तरेला पडते. भांडारकर रस्ता ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहे. त्याच्या दक्षिण बाजूच्या इमारती आणि झाडे यांची सावली या दिवसांत त्याच बाजूच्या पदपथावर आणि पुढे रस्त्यावर येते. आपण पश्चिमेला जात असल्यामुळे ती डावी बाजू झाली. आपण उजवीकडून धावत असाल तर संपूर्ण रस्ता उन्हात काढत आहात.

लॉ कॉलेज रस्ता दक्षिणोत्तर आहे. तेथे माध्यान्हीला भिंतींची सावली रस्त्याच्या लांबीच्या दिशेनेच पडते आणि कोणत्याच बाजूला तिचा उपयोग होत नाही. परंतु सव्वा वाजता सूर्य दक्षिणेच्या थोडा पश्चिमेला कललेला असतो. पश्चिमेच्या आवारात दहा मीटर उंचीचे झाड असेल तर त्याच्या शेंड्याची सावली तोवर सव्वादोन मीटर पूर्वेला सरकते, म्हणजे साधारण एका पदपथाची रुंदी झाकते. अर्धा-पाऊण तास उशिरा निघालात तर हा संपूर्ण टप्पा उजव्या बाजूने, सावलीतून करता येईल, असे माझे गणित सांगते. प्रत्यक्ष रस्ता काय सांगतो ते आपण पाहावे.


परिचारिका_निवृत्त
१७ डिसेंबर, सकाळी ८.०५

ताई, आधी वडिलांना लवकर आराम पडो.

मी तीस वर्षांहून अधिक काळ रुग्णसेवेत होते, त्या अनुभवावरून लिहिते. उन्हात धावताना रक्ताला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात : पायांच्या स्नायूंना प्राणवायू पोहोचवायचा आणि शरीराच्या आतली उष्णता त्वचेपर्यंत आणून सोडायची. घामावाटे पाणी गेले की रक्ताचे आकारमानही थोडे घटते. मग हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त ठोके द्यावे लागतात. तुमचे १४८चे १६८ झाले ते यामुळे. तुमची तब्येत बिघडली असा त्याचा अर्थ नाही. दुपारी वेगाचा विचार सोडून द्या, ठोक्यांचा धरा. पहाटेच्या ठोक्यांवर जो वेग मिळेल तोच तुमचा दुपारचा वेग आहे. तो किलोमीटरमागे एखाद्या मिनिटाने कमी असला तरी वाईट वाटून घेऊ नका.

सिग्नलला घेरी आली त्याचे कारण वेगळे असण्याची शक्यता मोठी आहे. धावताना पोटऱ्यांचे स्नायू पायांतले रक्त वर ढकलत असतात. तुम्ही एकदम उभ्या राहिलात, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या उष्णतेने रुंदावलेल्या होत्या, रक्त पायांत साचले आणि डोक्याकडे कमी गेले. पुढच्या वेळी सिग्नलला उभे न राहता सावलीत जागच्या जागी चालत राहा. पुन्हा घेरी आलीच तर मात्र डॉक्टरांना दाखवून रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, त्यात चालढकल करू नका. रक्तदाबाची किंवा ॲलर्जीची काही औषधे घाम आणि हृदयाचे ठोके यांवर परिणाम करतात. तुम्ही काही घेत असाल तर तेही विचारून घ्या.

शरीर उष्णतेला सरावते, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, घामातून मीठ कमी जाते आणि रक्ताचे आकारमान वाढते. म्हणून पहिले दोन आठवडे वीस मिनिटांच्या वर जाऊ नका.


जुना_धावक
१७ डिसेंबर, दुपारी १.३०

आपण ‘धावू नका’ असे सांगू नये असे लिहिले आहे, आणि आपल्या घरची अडचण वाचून मला ते सांगणे जड जाते. तरीही मला जे वाटते ते लिहितो.

२०१९मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेत स्त्रियांची मॅरेथॉन उष्णतेमुळे मध्यरात्री सुरू केली, तरी ६८ धावपटूंपैकी २८ जणींनी शर्यत अर्धवट सोडली. टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उकाड्याच्या भीतीने आठशे किलोमीटर उत्तरेला सप्पोरो येथे नेण्यात आली आणि स्त्रियांची शर्यत तर तेथेही ऐन वेळी सातऐवजी सहाला सुरू करावी लागली. ज्यांच्यामागे डॉक्टरांचा ताफा असतो त्यांची ही गत आहे. आपण एकट्या, रस्त्यावर, आणि घरी आपल्यावर अवलंबून असलेले वडील. डिसेंबर-जानेवारीत ठीक आहे. मार्चनंतर हा हट्ट करू नये. घरातच जागच्या जागी व्यायाम करावा, जिने चढावेत.


शिवाजीपार्क_कट्टा
१७ डिसेंबर, संध्याकाळी ७.२०

जुना_धावक यांनी दिलेले दोह्याचे उदाहरण योग्य आहे, मात्र त्यातून निघणारा धडा मला वेगळा दिसतो. मध्यरात्री ऊन नव्हतेच. तेथे घात केला तो दमटपणाने. घाम येण्याने शरीर थंड होत नाही. तो त्वचेवरून उडून जातो तेव्हा होते. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर घाम नुसता ओघळतो आणि वाया जातो.

मी गेली काही वर्षे दादरला शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती दुपारी धावतो. एक फेरी सव्वा किलोमीटरहून थोडी कमी भरते आणि भोवती वर्षावृक्षांची दाट सावली आहे, तरीही मला पुणेकरांच्या कोरड्या हवेचा हेवा वाटतो. आम्हाला आधार असतो तो समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा. तो दुपारी वेळेवर सुटला तर धावणे सुखाचे होते, आणि मार्चमध्ये जमिनीवरचे वारे त्याला अडवून धरतात त्या दिवशी मुंबईचा पारा एकदम चढतो. माझा नियम साधा आहे : किनाऱ्यावरच्या झाडांची पाने पश्चिमेच्या वाऱ्याने हलू लागल्याखेरीज मी बूट बांधत नाही.

पुण्याच्या कोरड्या हवेचा धोका मात्र ताईंनी ध्यानात घ्यावा. तेथे घाम आल्याचे कळतच नाही, कारण तो येता येताच उडून जातो. आपण कोरड्या आहोत असे वाटते आणि पाणी मात्र गेलेले असते. धावण्याआधी आणि नंतर वजन करून पाहिल्यास खरा आकडा समजेल.


एरंडवणेकर
२८ डिसेंबर, रात्री १०.१०

सर्वांचे मनापासून आभार. जुना_धावक, तुमचे म्हणणे मला कठोर वाटले नाही. तुम्ही मांडलेली काळजी माझ्याही मनात आहे.

मध्यान्ह यांचे उत्तर वाचून मी तीन दिवस धावलेच नाही. ती वेळ मी चालण्यात घालवली, हातात वही घेऊन, आणि जेथे जेथे सावली होती त्या जागा लिहून काढल्या. नऊ वर्षांत मी हा रस्ता पायांनी पाठ केला होता. सावलीच्या अंगाने तो मी कधी पाहिलाच नव्हता, कारण पहाटे तो प्रश्नच नसतो. भांडारकर रस्त्यावर मी सवयीने उजवीकडून धावत होते, कारण पहाटे त्या बाजूला गाड्या कमी उभ्या असतात. डाव्या बाजूला सुमारे दोनतृतीयांश अंतर सावलीत आहे. मधले दोन मोठे तुकडे उघडे आहेत. तेथे जुने बंगले पाडून नवे बांधकाम चालले आहे आणि आवारातली झाडे गेली आहेत. बंगला पाडला म्हणजे रस्त्यावरची सावलीही जाते, हे मला वही हातात घेतल्यावर दिसले. त्याविषयी मला फार वाईट वाटले.

लॉ कॉलेज रस्त्याचे गणितही बरोबर निघाले. १२.२० वाजता पश्चिमेच्या पदपथावर उन्हाचे मोठे पट्टे होते, १.१० वाजता तेथूनच गेले तर पट्टे अरुंद झाले होते आणि आवारांतल्या झाडांची सावली कडेच्या दगडापर्यंत आली होती. त्यामुळे मी आता पाऊणला निघते. याचा आणखी एक फायदा झाला. बारा-सव्वाबाराला सकाळच्या शाळा सुटतात आणि दुपारच्या भरतात, तेव्हा रिक्षा, व्हॅन आणि मुलांना घ्यायला आलेल्या आजी-आजोबांनी पदपथ भरलेले असतात. पाऊणनंतर ही गर्दी ओसरते.

कर्वे रस्त्यावर मात्र मी अडले. वनाझ ते गरवारे महाविद्यालय मेट्रो ६ मार्च २०२२ला सुरू झाली तेव्हा वरच्या पुलामुळे आकाश झाकले गेले म्हणून मी हळहळले होते. आता त्याच पुलाची लांबलचक सावली रस्त्यावर पडलेली दिसते. ती नेमकी वाहनांच्या मार्गावर आहे, पदपथावर नाही. ही सावली कधी कडेला येते का?


मध्यान्ह
२९ डिसेंबर, सकाळी ७.३०

आपण वही घेऊन फिरलात हे वाचून फार आनंद झाला.

पुलाची सावली आता तिच्या जास्तीत जास्त उत्तरेला आहे, आणि इथून पुढे ती रोज थोडी दक्षिणेकडे, म्हणजे पुलाच्या पोटाखाली सरकत जाईल. २१ मार्चच्या सुमारास सावली उंचीच्या एकतृतीयांशच उरते. १३ मेच्या आसपास पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, म्हणजे माध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो. त्या दिवशी माध्यान्हीला पुलाची सावली बरोबर दुभाजकावर पडेल. तेव्हापासून ३० जुलैच्या सुमारापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. सारांश, ज्या महिन्यांत सावलीची खरी गरज असते त्या महिन्यांत भिंती आणि पूल कामाचे नाहीत. तेव्हा उपयोगी पडते ते फक्त डोक्यावर आडवे पसरलेले झाड. वाहनांच्या मार्गात उतरून सावली घेण्याचा विचार कृपया करू नये. कर्वे रस्ता फेऱ्यातून काढून टाकावा आणि प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांमधून परत यावे.


पानगळ
२९ डिसेंबर, सकाळी ९.५०

मध्यान्ह यांच्या शेवटच्या मुद्द्याला एक पुस्ती जोडते. झाडाची सावली बारमाही सारखी नसते, आणि ऐन उन्हाच्या तोंडावर कोणते झाड उघडे पडते हे ठाऊक असणे दुपारी धावणाऱ्याला फार गरजेचे आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा; उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो निष्पर्ण होतो आणि त्याच्याखाली शेंगांचीच काय ती सावली उरते. वर्षावृक्ष दक्षिण अमेरिकेतून आलेला आहे. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये बरीच पाने टाकतो, पण लवकर भरून येतो. कडुनिंबाची पानगळ साधारण त्याच सुमारास असते आणि मार्च-एप्रिलमध्ये तो तांबूस पालवीने व पाठोपाठ मोहोराने भरतो. वड आणि आंबा एकदम सगळी पाने टाकत नाहीत. त्यांच्याखालची सावली भरवशाची. आपल्या वहीत सावलीच्या शेजारी झाडाचे नावही लिहावे, म्हणजे फेब्रुवारीत फसगत होणार नाही.


डेक्कनचा_जुना
३० डिसेंबर, दुपारी ४.००

ताई, आपण रोज जेथून निघता त्या जागेविषयी दोन वाक्ये. १९०६मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या १९१९मधल्या मैदानी स्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले होते. अनवाणी धावणाऱ्या खेड्यांतल्या तरुणांचा वेग पाहून त्यांनी १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ पाठवण्यास हातभार लावला. त्या संघातले बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. त्यांची वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद होती. भारताच्या लांब पल्ल्याच्या धावण्याची गोष्ट ज्या परिसरात सुरू झाली, तेथूनच आपण निघता, हे आपल्याला माहीत असावे असे वाटले.


एरंडवणेकर
१९ जानेवारी, रात्री ९.१५

हे मला माहीत नव्हते. वडिलांना वाचून दाखवले. ते उच्चार सावकाश पण स्पष्ट करत दोनदा ‘चौगुले’ म्हणाले.

फेरा आता बदलला आहे. जाताना भांडारकर रस्ता डावीकडून, लॉ कॉलेज रस्ता उजवीकडून, आणि नळ स्टॉपला न जाता त्याआधीच वळून प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून परत. अंतर सव्वाचार किलोमीटर आणि वेळ चौतीस मिनिटे, म्हणजे पहाटेच्या पाच किलोमीटरला लागत असे तेवढीच. ठोके १५०च्या वर जाऊ देत नाही. पहिल्या दहा दिवसांत हा वेग अंगाला रुचत नव्हता. आता चालीत आला आहे.

एक अडचण अनुभवाने कळली. दुपारी एक ते चार आतल्या गल्ल्यांमधली दुकाने बंद असतात. पहाटे दूधवाले, वर्तमानपत्रवाले, फिरायला निघालेले लोक असतात. कोणाला काही झाले तर दहा जण धावून येतील. दुपारी एक वाजता त्याच गल्लीत चिटपाखरू नसते. त्यामुळे मी पाण्याची लहान बाटली हातात धरते, फोन बरोबर ठेवते आणि मावशींना परतण्याची वेळ सांगून निघते. त्या वेळेवर पंधरा मिनिटे झाली तर त्यांनी शेजारच्या काकांना सांगायचे असे ठरले आहे. ज्यांनी त्या दिवशी पाणी दिले त्या रखवालदारांनाही मुद्दाम जाऊन भेटून आले.


नारिंगी_नागपूर
२० जानेवारी, सकाळी ६.४५

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, त्यामुळे मार्चच्या मध्यानंतर दुपारी धावण्याचा विचारही कोणी करत नाही. त्या दिवसांत सेमिनरी हिल्सवर पहाटे साडेपाचलाच गर्दी असते. पुण्याचे ऊन आमच्याइतके नसले तरी ३० एप्रिल १८९७ रोजी पुण्यात ४३.३ अंशांची नोंद झालेली आहे. आपली मर्यादा आकड्यात आधीच ठरवून ठेवा. त्या दिवशी ठरवू म्हटले की मन नेहमी धावण्याच्या बाजूने कौल देते.


वाळूघड्याळ
२० जानेवारी, रात्री ११.३०

मी दुबईत राहतो. येथे दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करण्यास कायद्यानेच बंदी आहे. ही वेळ ज्या अनुभवातून ठरली आहे तो धावणाऱ्यांनीही मानावा. आम्ही ते तीन-साडेतीन महिने पूर्णपणे घरातल्या धावपट्ट्यावर (ट्रेडमिलवर) धावतो आणि त्यानंतर बाहेर पडताना पुन्हा वीस मिनिटांपासून सुरुवात करतो, कारण उष्णतेची सवय काही आठवड्यांतच निघून जाते.


एरंडवणेकर
२१ फेब्रुवारी, रात्री १०.००

वजनाचा प्रयोग केला. निघताना ५८.४ किलो, परतल्यावर कपडे बदलून, अंग पुसून ५७.७ किलो. पस्तीस मिनिटांत, वाटेत पाणी न पिता, सातशे ग्रॅम. अंगावर ओल जाणवलीच नव्हती. मला हा आकडा मोठा वाटतो.


मध्यान्ह
२१ फेब्रुवारी, रात्री ११.४०

हिशेब लावून पाहू. धावताना दर किलो वजनामागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा लागते. ५८ किलो आणि सव्वाचार किलोमीटर म्हणजे सुमारे २४५. त्यातला तीनचतुर्थांश भाग उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो असे धरले तर १८५. एक लिटर घाम उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे आपल्या स्वतःच्या उष्णतेपुरता सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास घाम पुरायला हवा होता. उरलेला निम्म्याहून अधिक घाम ऊन, डांबराची धग आणि जो न उडता ओघळला किंवा कपड्यांत जिरला त्याच्या खाती जातो. सावलीत धावल्याने नेमका हा दुसरा भाग कमी होतो. हाच प्रयोग एखाद्या ढगाळ दिवशी करावा.


परिचारिका_निवृत्त
२२ फेब्रुवारी, सकाळी ७.५०

ताई, घाबरण्यासारखे नाही. हे पाणी पुढच्या दोन-तीन तासांत हळूहळू भरून काढा. एका दमात लिटरभर पिऊ नका, कारण नुसते पाणी अति प्यायल्याने रक्तातले सोडियम उतरते आणि तेही घातक असते. अर्ध्या-पाऊण तासाच्या धावण्याला साधे पाणी आणि जेवणातले मिठाचे ताक पुरते. कोकम सरबतही चालेल. जलसंजीवनीची रोज गरज नाही, ती जुलाबाच्या रुग्णासाठी आहे. मात्र घरात एक पाकीट असू द्या.

आता उन्हाळा तोंडावर आहे म्हणून उष्माघाताविषयी स्पष्ट लिहिते. घाम थांबला तरच उष्माघात, असा समज फार पसरलेला आहे, आणि तो धावणाऱ्यांच्या बाबतीत खरा नाही. धावताना झालेल्या उष्माघातात अंग घामाने निथळत असू शकते. ओळखायची खूण डोक्याची आहे : बोलण्यात गोंधळ, ओळखीचा रस्ता अनोळखी वाटणे, तोल जाणे, उगाच चिडणे. अशा माणसाला सावलीत आणून लगेच अंगावर भरपूर पाणी ओतायचे, वारा घालायचा, बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघांशी ठेवायचा आणि १०८ला फोन करायचा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालायचे नाही. रुग्णवाहिकेची वाट पाहत नुसते बसू नका. पहिल्या अर्ध्या तासात अंग किती थंड केले यावर जीव अवलंबून असतो. हे तुमच्या मावशींना आणि त्या शेजारच्या काकांनाही सांगून ठेवा.


एरंडवणेकर
११ मार्च, रात्री ९.३०

पानगळ यांनी सांगितल्याप्रमाणेच झाले. लॉ कॉलेज रस्त्यावरचा माझा एक भरवशाचा टप्पा पंधरा दिवसांत उघडा पडला. प्रभात रस्त्याच्या एका गल्लीच्या तोंडाशी मोठा कडुनिंब आहे. डिसेंबरात त्याच्याखाली मी पाणी प्यायला थांबत असे, आता तेथे पिवळ्या पानांचा सडा आहे आणि वर नुसत्या फांद्या. वहीतल्या नऊ जागांवर मी काट मारली.

नारिंगी_नागपूर यांचे ऐकून आकडा लिहून ठेवला आहे. सकाळी अंदाज पाहायचा. कमाल तापमान ३५पर्यंत असेल तर सावलीचा फेरा तीस मिनिटे. ३५ ते ३८ असेल तर मोठ्या रस्त्यावर न जाता आंब्याची आणि वडाची दाट सावली असलेल्या एकाच गल्लीत वीस मिनिटे येरझाऱ्या. ३८च्या वर असेल तर बाहेर पडायचे नाही, इमारतीचे चार मजले सावकाश चढायचे-उतरायचे. काल ३७ होते. गल्लीत चौदा येरझाऱ्या झाल्या.


जुना_धावक
१२ मार्च, सकाळी ८.२०

हे वाचून समाधान वाटले. डिसेंबरात मी जे लिहिले त्यातला ‘हट्ट’ हा शब्द मागे घेतो. एकच सुचवतो : ३८चा नियम फक्त कमाल तापमानाला लावू नये. ज्या रात्री किमान तापमान उतरलेले नसते आणि वडिलांमुळे आपली झोप मोडलेली असते, त्याच्या दुसऱ्या दिवशी आकडा ३५ असला तरी जिनेच बरे.


एरंडवणेकर
१२ मार्च, रात्री १०.२०

तुमची सूचना मान्य. वहीच्या पहिल्या पानावर झोपेचाही रकाना आखला. पाच तासांहून कमी झोप झाली तर जिने.


पानगळ
३ एप्रिल, सकाळी १०.४०

ताई, फेरा चालू आहे का? त्या कडुनिंबाचे काय झाले?


एरंडवणेकर
४ एप्रिल, रात्री ९.००

या आठवड्यात चार दिवस जिने आणि दोन दिवस गल्ली, असे झाले. कडुनिंब भरला आहे. पालवी अजून कोवळी आहे, त्यामुळे ऊन थोडे गाळून खाली येते, आणि मोहोराचा वास गल्लीच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. काल मावशी थोड्या लवकर आल्या, म्हणून अकरा वाजता वडिलांना चाकांच्या खुर्चीत बसवून तेथे घेऊन गेले. त्यांनी वही मागून घेतली आणि त्या जागेवरची काट स्वतः, उजव्या हाताने, खोडली. उद्याचा अंदाज ३६ आहे, पाऊणला गल्लीत.